घोड्यावरची थेरपी: पुण्यात कुणी मुलांना नेलंय का? (सीपी, वय ७)

शेंगदाणा_चिक्की | मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसती वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर अ‍ॅडमिननी हलवा प्लीज.

मुलगा ७ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (सीपी, मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नसतो), त्यातला स्पास्टिक डायप्लेजिया. म्हणजे दोन्ही पाय कडक, उभा राहिला की गुडघे आत येऊन पायांची कात्री होते. हात बऱ्यापैकी, डोकं तल्लख, तोंड त्याहून तल्लख. वॉकरने चालतो. दिवसा एएफओ (घोटा धरून ठेवणारे स्प्लिंट), रात्री गेटर्स (गुडघे सरळ ठेवणारे पट्टे), आठवड्यात तीन दिवस फिजिओ, एक दिवस ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), मागच्या वर्षी कडक स्नायू सैल करायला बोटॉक्स पण झालं. परवा थेरपीच्या वेटिंगमध्ये एक आई भेटली, ती म्हणाली आम्ही पौड रोडने पुढे घोड्यावर नेतो, मांड्या मोकळ्या होतात. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या "आधी जमिनीवर चालू दे, मग घोड्यावर बसवा", आणि नवरा काही न बोलता एक्सेल उघडून बसला.

आमचे हात याआधी पोळलेत हो. तेलं झाली, काढे झाले, एकदा तर कुठल्याशा इंजेक्शनवाल्यांना अ‍ॅडव्हान्स देऊन बसलो होतो, तो गेला तो गेलाच. त्यामुळे आधी इथे विचारते. खरंच काही होतं का, पडायची भीती किती, आणि तुमच्या मुलांना आवडलं का? हा शेवटचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा आहे कारण सध्या फिजिओचं नाव काढलं तरी हा पलंगाखाली जातो.

खोगीरभरती | मंगळवार, रात्री ११:५८

ताई, आमची मुलगी ९ ची, सेम डायप्लेजिया, दीड वर्ष नेतोय. केंद्राचं नाव इथे टाकत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. पहिले तीन शनिवार ती घोड्यावर बसलीच नाही. पहिल्या दिवशी गाडीतूनच उतरली नाही. दुसऱ्या दिवशी लांबून बघितलं. तिसऱ्या दिवशी तिथल्या मुलीने तिच्या हातात खरारा दिला आणि म्हणाली हिची पाठ खाजवून दे, तर वॉकरला टेकून वीस मिनिटं ती घोडीला खरारा करत उभी होती. वीस मिनिटं! घरी स्टँडिंग फ्रेममध्ये पाच मिनिटांत रडारड. पैसे मात्र तिन्ही वेळचे पूर्ण घेतले, ते मला तेव्हा झोंबलं होतं, आता नाही झोंबत.

चौथ्या वेळी बसली. उतारावरून व्हीलचेअर चढेल असा कट्टा बांधलाय, घोडी त्या कट्ट्याला लागून उभी करतात, त्यामुळे उचलून वर फेकावं लागत नाही, सरळ आडवा पाय टाकायचा. खोगीर नाही, मेंढीच्या लोकरीचा जाड पॅड आणि पुढे धरायला कडी असलेला पट्टा. एक जण घोडी धरतो, दोन्ही बाजूंना एकेक जण मांडीवर हात ठेवून चालतो. घोडीचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं हे मला माहीत नव्हतं, ३८ डिग्रीच्या आसपास, म्हणजे मुलीच्या मांड्यांना अर्धा तास शेकच. ती बसल्या बसल्या पहिलं वाक्य बोलली, "बाबा तुझं टक्कल दिसतंय".

फरक म्हणाल तर, उतरल्यावर पाय मोकळे असतात, त्या संध्याकाळी एएफओ सहज चढतो, कात्री कमी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा पहिलं. पण जेवायला टेबलाशी बसते तेव्हा पूर्वी पाच मिनिटांत एका बाजूला कलायची, आता ताट संपेपर्यंत सरळ बसते. हे घोड्यामुळे की वाढत्या वयामुळे की फिजिओमुळे, देव जाणे. चालायला लागली वगैरे काही नाही, तसं कुणी सांगितलं तर तिथून निघा.

आणि जून ते सप्टेंबर जवळपास बंद असतं, मैदानाचा चिखल होतो.

पेठेतला_संशयी | बुधवार, सकाळी ७:१२

थेरपी हा शब्द चिकटवला की दर चौपट. वेण्णा लेकला हाच घोडा फेरी मारतो, तिथे त्याला कुणी थेरपी म्हणत नाही. उद्या रिक्षा थेरपी काढा, आमच्या पेठेतल्या खड्ड्यांतून गेलं की सगळे स्नायू आपोआप हलतात.

थट्टा सोडा, पण पुरावा काय? एखादी तरी तुलना आहे का, की "आमच्या बंड्याला गुण आला" एवढंच?

फिजिओवाली | बुधवार, दुपारी २:०५

ओपीडी संपली, डबा खाता खाता लिहितेय, टायपो सांभाळून घ्या.

संशयी काका, प्रश्न रास्त आहे. २००३ चा एक छोटा अभ्यास आहे, स्पास्टिक सीपीची १५ मुलं, वय ४ ते १२. काहींना ८ मिनिटं चालत्या घोड्यावर बसवलं, उरलेल्यांना तेवढाच वेळ आडव्या पिंपावर तसंच पाय फाकवून बसवलं. आधी आणि नंतर दोन्ही बाजूंच्या स्नायूंचं काम मोजलं. घोड्यावरच्या मुलांमध्ये डावं-उजवं जास्त समान झालं, पिंपावाल्यांत विशेष फरक नाही. म्हणजे नुसतं पाय फाकवून बसणं हे कारण नाही, घोड्याचं चालणं हे कारण. पण मुलं १५च, आणि तो परिणाम लगेच मोजलेला, सहा महिन्यांनी काय ते त्यातून कळत नाही. खोगीरभरती म्हणतायत की दुसऱ्या दुपारी पुन्हा पहिलं, तर माझ्या पेशंट्समध्येही मी तसंच बघते.

कसं चालतं ते सांगते. घोडा पावलाने चालतो तेव्हा (दुडकी नाही, पळणं तर नाहीच नाही) त्याची पाठ पुढेमागे, डावीउजवीकडे आणि थोडी वळत अशी तिन्ही प्रकारे हलते, आणि वर बसलेल्याचा कंबरेचा भाग जवळपास तसाच हलतो जसा तुमचा-माझा चालताना हलतो. जे मूल स्वतःच्या पायाने तसं कधी चाललंच नाही त्याच्या कंबरेला ती चाल पहिल्यांदा कळते. मिनिटाला साधारण शंभर पावलं धरा, वीस मिनिटांत दोन हजार वेळा तोल जातो आणि सावरावा लागतो. मी हे बॉलवर हाताने करायला गेले तर दहा मिनिटांत माझे खांदे गळ्यात येतील.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक गल्लत करतात. हिप्पोथेरपी म्हणजे फिजिओ किंवा ओटी स्वतः घोड्याची चाल उपचारासाठी वापरते, मूल घोडा चालवत नाही, कधी उलटं तोंड करून बसवतात, कधी आडवं झोपवतात. (हिप्पो म्हणजे ग्रीकमध्ये घोडा. तो पाण्यातला म्हणजे पाणघोडा, आपल्या पूर्वजांनी बरोबर भाषांतर केलंय.) दुसरी म्हणजे थेरप्युटिक रायडिंग, यात मूल लगाम धरायला, घोडा थांबवायला, वळवायला शिकतं, शिकवणारा घोडेस्वारीचा प्रशिक्षक असतो. दोन्ही चांगल्या, पण पहिलीचे पैसे घेऊन दुसरी देतात तिथे भांडा.

चिक्की ताई, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: खुब्याचा एक्स-रे. कडक पायांच्या मुलांत खुबा हळूहळू सरकत असतो आणि बाहेरून कळत नाही. शेवटचा कधी काढला? सरकलेला खुबा रुंद घोड्यावर फाकवला तर फायदा राहिला बाजूला. ऑर्थोपेडिककडून लेखी घ्या. आटोक्यात नसलेल्या फिट्स असतील तर नाही, पाठीचा बाक खूप असेल तर नाही, बसायच्या जागी जखम असेल तर नाही. डाऊन सिंड्रोमची मुलं असतील तर मानेच्या वरच्या मणक्यांची तपासणी आधी, तिथे सैलपणा असेल तर घोडा अजिबात नको. धनुर्वाताचं इंजेक्शन बघून घ्या. दमा असेल तर तबेल्यातली धूळ बाधते. हे सगळं न विचारता जे केंद्र "या या, बसवा" म्हणेल तिथून गाडी वळवा.

आणि फिजिओ बंद करू नका. त्याच्या जोडीला हे.

पेठेतला_संशयी | बुधवार, दुपारी २:३१

पिंपावर बसवलेली मुलं ही तुलना आवडली. १५ आकडा नाही आवडला.

लिंबूसरबत | बुधवार, सायं ६:२०

एक येडा प्रश्न, मारू नका. आमच्या गल्लीत वरातीची घोडी देणारे आहेत, ती घोडी बँड, फटाके, नाचणारे मामा कशालाच बुजत नाही. तासाचे पैसे देऊन सोसायटीच्या ग्राउंडवर फिरवलं तर?

रिसाला_निवृत्त | बुधवार, रात्री ९:१५

नाही.

सविस्तर सांगतो. मी आर्मीच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये होतो, मेरठपासून सुरुवात केली, आयुष्य घोड्यांच्या पायाशी गेलं. वरातीची घोडी बुजत नाही हे खरं, पण का बुजत नाही ते बघा. बऱ्याचदा तोंडात कडक लगाम असतो आणि डांबरावर उभं राहून पाय गेलेले असतात. लंगडा घोडा चालताना एका बाजूला कमी वजन टाकतो. वर फिजिओ मॅडमनी डावं-उजवं समान होण्याबद्दल लिहिलंय, मग ज्या घोड्याचंच डावं-उजवं समान नाही तो मुलाला काय शिकवणार? शिवाय तिला नाचत चालायला शिकवलेलं असतं.

दुसरं टोक म्हणजे रेसमधून निवृत्त झालेला घोडा. पुण्यात पावसाळ्यात कॅम्पातल्या मैदानावर रेसचा सीझन असतो, त्यानंतर असे घोडे स्वस्तात मिळतात म्हणून लोक घेतात. जनावर देखणं, पण रक्त गरम आणि उंची १६ हात. घोडा हाताने मोजतात, एक हात म्हणजे ४ इंच, म्हणजे खांद्याशी ५ फूट ४ इंच. बाजूने चालणाऱ्याचा हात मुलाच्या मांडीपर्यंत पोचायला नको का? या कामाला १३-१४ हातांचं, वय १० च्या पुढचं, कंटाळवाणं वाटेल इतकं शांत जनावर लागतं. आपल्याकडची भीमथडीची तट्टं बांध्याने यासाठी काही वाईट नाहीत, बुटकी, काटक, फक्त शिकवायला कुणी वेळ देत नाही.

केंद्रात गेलात की आधी मुलाकडे नाही, घोड्याकडे बघा. खूर फुटलेले आहेत का, पाठीवर पट्ट्याचे वण आहेत का, अंगाला हात लावल्यावर कान मागे चिकटवतो का. ग्लँडर्सची रक्ततपासणी झालीये का विचारा, तो घोड्यापासून माणसाला होणारा रोग आहे, वाईट आहे. एका घोड्याला दिवसात किती मुलं देता तेही विचारा. तोल न सावरणारं मूल पाठीवर घेणं हे त्याला धडधाकट स्वारापेक्षा जड जातं, वजन कमी असलं तरी. माझं मत, तीन-चार अर्ध्या तासांच्या वर नाही. संध्याकाळी पाचव्या मुलाला घेऊन चालणाऱ्या घोड्याची शेपटी बघा, सगळं सांगते.

लिंबूसरबत | बुधवार, रात्री ९:२२

ओके सर. घोडी कॅन्सल.

दोन_चाकं_आणि_मी | गुरुवार, रात्री १२:४७

धागा मुलांचा आहे पण घुसतो. वय ३४, सहा वर्षांपूर्वी अ‍ॅक्सिडेंट, मणक्याला इजा, कंबरेखाली जवळपास काही नाही. व्हीलचेअर.

मला थेरपी नको होती, मला घोड्यावर बसायचं होतं, एवढंच. अपघाताआधी पण कधी बसलो नव्हतो. दोन ठिकाणी फोन केला, दोन्हीकडे "आम्ही फक्त मुलांना घेतो". तिसरीकडे वजन विचारलं, ७४ किलो. तिथल्या बाईंनी हिशोब सांगितला की स्वार अधिक सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आसपास थांबायचं, त्यांचे घोडे ३२०-३३० किलोचे, म्हणजे ६५. राग आला पण पटलं. नऊ किलो उतरवायला आठ महिने लागले, व्हीलचेअरवर वजन उतरवणं काय असतं ते ज्याचं त्यालाच माहीत. मग बसलो.

वरून जग वेगळं दिसतं असं सगळे लिहितात, मला सगळ्यात भारी काय वाटलं सांगू? सहा वर्षांत पहिल्यांदा समोरच्या माणसाने माझ्याशी बोलायला मान वर केली.

ज्यांना खाली संवेदना नाही त्यांच्यासाठी: पॅडची शिवण, खिशातलं नाणं, जीन्सची जाड टीप, काहीही टोचलं तरी कळणार नाही आणि जखम व्हायला वीस मिनिटं पुरतात. शिवण नसलेली ट्रॅकपँट घाला आणि घरी येऊन आरसा घेऊन स्वतः तपासा. मला पहिल्या वेळी लाल डाग आला होता, तीन आठवडे घरी बसलो. चूक माझीच, टीप असलेली पँट.

आणि संशयी काका, पुरावा मागताय तर हा वेगळ्या जातीचा घ्या. लिस हार्टेल, डेन्मार्कची घोडेस्वार. १९४४ मध्ये पोलिओ झाला, तेव्हा ती गरोदर होती. गुडघ्याखाली पाय गेले ते गेलेच. घोडीवर चढवायला-उतरवायला माणूस लागायचा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला ड्रेसाजमध्ये (घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घ्यायचा प्रकार) रौप्य, पुरुषांच्या बरोबरीने, बायकांना त्या प्रकारात पहिल्यांदाच घेतलं होतं तेव्हा. ज्या स्वीडिश स्वाराने सुवर्ण घेतलं त्यानेच तिला पोडियमवर चढायला हात दिला. १९५६ ला परत रौप्य. युरोपात अपंगांसाठी घोडेस्वारीची केंद्रं निघायला तिचा फार हात आहे. १९९६ पासून पॅरालिंपिकमध्ये ड्रेसाज आहे, अपंगत्व किती त्यानुसार पाच ग्रेड, सगळ्यात जास्त अपंगत्वाच्या पहिल्या ग्रेडमध्ये घोडा फक्त पावलाने चालवायचा. मी सध्या त्या पहिल्या ग्रेडचा व्हिडिओ रोज झोपताना बघतो.

भोंडल्याची_खिरापत | गुरुवार, सकाळी १०:३०

ऑटिझमवाल्या आया आहेत का इथे? मी आहे. मुलगा ११. आमचा सगळा प्रॉब्लेम घोडा नव्हता, हेल्मेट होता. डोक्याला काही लागलेलं सहनच होत नाही, केस कापायला दोन माणसं धरायला लागतात. हेल्मेटशिवाय बसवणार नाही म्हणाले (बरोबरच आहे). मग केंद्रातून जुनं हेल्मेट घरी आणलं, आधी टीव्हीवर ठेवलं, मग मी घातलं, मग बाबांनी घालून कुकर लावला, पोळ्या लाटल्या, पाचव्या दिवशी याने हिसकावून स्वतः घातलं. महिना गेला त्यात.

आता घोड्यावर बसल्यावर तो "चल" म्हणतो. "चल" म्हटल्याशिवाय घोडा हलवायचा नाही असं त्या दादाने ठरवलंय. घरी काही मागायचं तर माझा हात धरून फ्रीजकडे नेतो, शब्द नाही. पण घोड्याला शब्द लागतो हे त्याला कळलंय. अमेरिकेत २०१५ ला ६ ते १६ वयाच्या मुलांवर दहा आठवड्यांचा अभ्यास झाला होता, त्यात दुसऱ्या गटाला तबेल्यात नेऊन घोड्यांबद्दल सगळं शिकवलं पण खऱ्या घोड्याला हात लावू दिला नाही. स्वारी करणाऱ्या मुलांची चिडचिड आणि अतिचंचलपणा कमी झाला, शब्दही वाढले. आमचा एकच वाढलाय. मला पुरे आहे.

पेठेतला_संशयी | गुरुवार, सकाळी ११:०२

दुसऱ्या गटाला तबेल्यात नेऊन घोडा नाही दाखवला? दुष्टपणा आहे. पण अभ्यास म्हणून बरोबर केलंय, हे मान्य.

एक राहिलं. ते बाजूने चालणारे दोघे कोण असतात? पगारी की हौशी? कारण घोडा बुजला तर मूल त्यांच्याच हातात आहे.

खोगीरभरती | गुरुवार, सकाळी ११:२०

भारी प्रश्न काका. आमच्याकडे एक पगारी, एक हौशी. कॉलेजची पोरं येतात, उत्साह असतो, सेमिस्टर आली की गायब. मागच्या वर्षी एकदा मैदानाच्या कडेला कुणाचा तरी ताडपत्रीचा कोपरा वाऱ्याने फडफडला आणि घोडी बाजूला सरकली. पगारी दादाने मांडी दाबून धरली, आणि दुसरीकडचा पोरगा हात सोडून मागे झाला, घाबरला बिचारा. मुलगी अर्धी घसरली, दादाने खेचून घेतली. दोन सेकंद. काही लागलं नाही. मी मात्र गाडीत बसून दहा मिनिटं स्टार्टर मारायला विसरलो.

तेव्हापासून मी विचारून घेतो, आज दोन्ही बाजूंना कोण आहे. नवीन असेल तर एका बाजूने मी चालतो. त्यांनी तसं चालू दिलं म्हणून अजून तिथेच आहोत.

शेंगदाणा_चिक्की | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:१०

अपडेट देते, व्यनि खूप आले म्हणून इथेच.

खुब्याचा एक्स-रे दीड वर्ष काढलाच नव्हता. काढला. उजवा थोडा सरकलाय. ऑर्थो म्हणाले घोडा चालेल, पण अरुंद पाठीचा, वीस मिनिटांच्या वर नाही, सहा महिन्यांनी पुन्हा फोटो. फिजिओवाली, तुम्ही लिहिलं नसतं तर मी काढला नसता, बाकी काय बोलू.

दोन केंद्रं बघितली. पहिल्या ठिकाणी फॉर्मवर फक्त नाव आणि यूपीआय. दुसऱ्या ठिकाणी बाईंनी आधी त्याला गादीवर झोपवून मांड्या किती उघडतात ते मोजलं. घोड्याचे कान बघितले सर, पुढे होते. शेपटी पण बघितली. नवरा तर खूर बघायला खाली वाकला, त्याला काय कळतं देव जाणे.

काल पहिल्यांदा बसला. आधी दोन मिनिटं माझा दुपट्टा सोडेना. घोडी चालायला लागली, तीन पावलं झाली, आणि थांबली, आणि मुतायला लागली. एवढं मुतली, एवढं मुतली, वाफा निघत होत्या, आणि हा वर बसून आवाज ऐकतोय आणि हसून हसून पट्ट्यावर आडवा. दोन्ही बाजूचे लोक हसतायत, बाई हसतायत. मग बाकी सेशन कसं झालं मला आठवत नाही, एवढं आठवतंय की मी त्याला "पाठ सरळ" असं एकदाही म्हटलं नाही. रात्री गेटर्स बांधताना रोज भांडण असतं, काल आजीला गोष्ट सांगायच्या नादात बांधून झाले ते कळलंच नाही. सासूबाईंनी आज गूळ आणलाय घोडीसाठी, देऊ का विचारतायत.

एक्सेलमध्ये आता "घोडा" अशी शीट आहे.

कुणाकडे लहान मुलाचं रायडिंग हेल्मेट वापरलेलं पडून आहे का? नवीन महाग आहे हो.

रिसाला_निवृत्त | रविवार, दुपारी ४:४०

गूळ थोडा, लिंबाएवढा. तळहात सपाट ठेवून, मूठ मिटून नाही. आणि आधी त्यांना विचारून.

खोगीरभरती | रविवार, सायं ५:०५

हेल्मेट आहे पण ते एकदा फरशीवर आपटलंय. आपटलेलं हेल्मेट दुसऱ्याला देऊ नये, बाहेरून धड दिसलं तरी आतला थर गेलेला असतो, त्यामुळे देत नाही, नवीनच घ्या. लोकरीचा पॅड एक जास्तीचा आहे, अरुंद आहे, तुमच्या घोडीला बसेल. शनिवारी सकाळी साडेसहाला चांदणी चौकातून जातो, तिथे देतो.

पेठेतला_संशयी | रविवार, सायं ५:०९

पॅड धुतलाय का?